मॅग्नम हॉप्स टाकले आणि पेल एल फार कडू झाली, प्रमाण कसं ठरवायचं?

हॉप्सवेडा, सिएटल
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. दीड-दोन वर्षं घरी बीअर बनवतोय, आत्तापर्यंत हॉप्समध्ये (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) फक्त कॅस्केड हे वाण वापरलं, कडवटपणालाही तेच आणि वासालाही तेच. सप्टेंबरात याकिमाला गेलो होतो, हॉप्सची तोडणी चालू होती, उंच दोऱ्यांवर चढलेले वेल, गाडीची काच खाली केली की नुसता घमघमाट, आणि येताना मॅग्नम वाणाच्या पेलेट्सचं (दाबून केलेल्या गोळ्यांचं) एक पाउंडाचं पाकीट घेऊन आलो. पाकिटावर अल्फा (म्हणजे कडवटपणा देणारं आम्ल) १४.२ टक्के लिहिलंय. माझ्या रेसिपीत २० लिटरला ६० मिनिटांच्या बॉइलसाठी २८ ग्रॅम कॅस्केड होते, अल्फा ५.८, मी तेवढ्याच वजनाचे मॅग्नम टाकले, बॉइलच्या शेवटी वासासाठी टाकायचे कॅस्केड तसेच ठेवले. बाटलीत भरून तीन आठवडे झालेत आणि घोट गिळला तरी कडूपणा जिभेच्या मागे बसून राहतो, कॅस्केडचा पपनसासारखा वास तर कुठे लागतच नाही. किती टाकायला हवे होते? ही बॅच वाचेल का? आणि पुढे मॅग्नमच ठेवू की दुसरं काही घेऊ?

कोल्हापुरी_मिरची, म्युनिक
अरे, वजनाला वजन नाही लावायचं! आमच्याकडे मसाला करताना तिखटाला लवंगी मिरची आणि रंगाला ब्याडगी, आता ब्याडगीच्या मापाने लवंगी घातली तर जे होईल तेच तुझ्या बीअरचं झालंय. मॅग्नम ही लवंगी.
हिशोब अल्फाचा करायचा. २८ ला ५.८ ने गुणायचं आणि १४.२ ने भागायचं, साधारण साडेअकरा ग्रॅम येतात, तेवढेच पुरले असते. आणि पाकिटावरचा आकडा दरवेळी बघायचा, पीक बदललं की अल्फा बदलतो.
मॅग्नम सोडू नकोस मात्र. हे वाण मूळचं इकडचंच, हॅलर्टाऊ या हॉप्सच्या पट्ट्यातल्या ह्युल गावच्या हॉप्स संशोधन केंद्रातलं, आणि त्याची आई अमेरिकन गलीना. म्युनिकहून तासाभरात हॅलर्टाऊ येतं, ऑगस्टअखेर मी दरवर्षी जाते. मॅग्नमचा कडवटपणा स्वच्छ असतो, स्वतःचा वास मध्ये आणत नाही, म्हणून पिल्सनरला ६० मिनिटांना मॅग्नम आणि शेवटी वासाला टेटनांगर हॉप्स हे माझं ठरलेलं. हर्क्यूलिस पण वापरून पाहिलं, अल्फा तसाच जबरदस्त, पण त्यात कोह्युम्युलोन (अल्फा आम्लांतलाच एक प्रकार) जास्त आणि मला तो कडवटपणा जरा खरखरीत लागतो.

उंचावरचा, डेन्व्हर
ताई, कोह्युम्युलोनचं मला तितकंसं पटत नाही, माझ्या अनुभवात खरखरीतपणा जास्त करून पाण्यातून येतो. @हॉप्सवेडा दादा, तुम्ही पाण्यात जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) घातलं होतं का? सिएटलचं पाणी फार मृदू म्हणून लोक सढळ हाताने घालतात, मग सल्फेट वाढतं आणि कडूपणाला धार येते.
आकडेच सांगायचे तर ओजी (आंबण्याआधीची घनता) १.०५० धरून टिनसेथच्या सूत्राने तुमच्या ६० मिनिटांच्या हॉप्समधून १९ आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक) यायला हवे होते, आले ४६ च्या आसपास, शेवटच्या कॅस्केडचे वेगळेच. हेच हॉप्स १.०९० च्या दाट वर्टमध्ये (बीअर होण्याआधीच्या गोड माल्टच्या रसात) टाकले असते तर साधारण ३२ च आले असते, कारण वर्ट जितकं दाट तितका अल्फा कमी उतरतो. इथे आमच्याकडे पाणी ९५ अंशालाच उकळतं, अल्फाचं रूपांतर हळू होतं, म्हणून मी हॉप्स थोडे जास्तच धरतो, तुम्ही समुद्रसपाटीला आहात तुम्हाला गरज नाही.
अकरा-बारा ग्रॅमसाठी स्वयंपाकघरातला काटा नको, ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. २८ ग्रॅममध्ये दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले तर चालून जातं, ११ मध्ये चव बदलते.

पाचव्यांदा_उतू_गेली, पोर्टलंड
दुसरं वाण हवं असेल तर वॉरियर बघा, तेही स्वच्छ कडू. कोलंबस म्हणजेच टोमाहॉक, आणि त्यांच्यासारखंच झ्यूस, सगळ्यांना मिळून सीटीझेड म्हणतात, स्वस्त पडतं आणि आयपीएला मला तेच आवडतं, पण शेवटी जास्त टाकलं तर कधीकधी कांदा-लसणासारखा वास येतो आणि ते टिकत नाही, बाहेर उबेत ठेवलं तर काही महिन्यांत अल्फा पार खाली येतो. मॅग्नम त्या मानाने छान टिकतं, तरी हवा काढून फ्रीझरातच ठेवा.
अजून एक, उकळी फुटताना पेलेट्स एकदम टाकू नका, फेस वर येतो, आच कमी करून चिमटी-चिमटीने टाका. आणि घरात कुत्रा असेल तर उरलेला हॉप्सचा गाळ अंगणात अजिबात टाकू नका, कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात, खाल्ले तर अंगाचा ताप एकदम चढतो आणि जिवावर बेततं. हे कळकळीने सांगतोय.
कडू बॅच ओतून देऊ नका. नुसती ठेवून कडूपणा थोडा उतरेल पण त्याआधी कॅस्केडचा वास जाईल. त्यापेक्षा अगदी कमी हॉप्सची एक साधी गव्हाची बीअर करा आणि ग्लासात निम्मी-निम्मी मिसळा.

हॉप्सवेडा, सिएटल
सगळ्यांचे मनापासून आभार, सहा आठवड्यांनी लिहितोय. जिप्सम दोन चमचे घातलं होतं, या वेळी एकच घातलं. मॅग्नम साडेअकरा ग्रॅम, नवीन काट्यावर मोजून, बाकी रेसिपी तीच. काल पहिली बाटली उघडली आणि नाकाशी नेताच पपनस! कडूपणा येतो, जागेवर बसतो आणि निघून जातो. आणि एक फायदा कोणी बोललं नव्हतं, पातेल्याच्या तळाला हॉप्सचा चिखल कमी, त्यामुळे बीअर एक बाटली जास्त निघाली.
जुनी बॅच गव्हाच्या बीअरमध्ये मिसळून संपत आलीये, मित्रांना तीच जास्त आवडतेय. उरलेल्या मॅग्नमच्या अकरा-अकरा ग्रॅमच्या पुड्या हवा काढून फ्रीझरात ठेवल्यात, प्रत्येकीवर अल्फा आणि पिकाचं वर्ष लिहून. @कोल्हापुरी_मिरची ताई, ते पिल्सनरचं टेटनांगर किती आणि बॉइल संपायला किती मिनिटं असताना टाकता तेवढं सांगा, गॅरेज आता थंड झालंय, लागर (थंडीत आंबवायची बीअर) लावायचीय.