पाटण्याच्या महादेव मंदिराला 'हेमाडपंती' म्हणणं आता पुरे

गिरणाकाठ
परवा चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला गेलो होतो. वाटेतल्या महादेव मंदिरापाशी एक जण सहलीच्या पोरांना सांगत होता, "हे हेमाडपंताने बांधलं." मी टोकलं तर म्हणे, "नाना, हेमाडपंतीच आहे ना?" आता हिशेब बघा. इथला शिलालेख शक १०७५ चा, म्हणजे ११५३ च्या सुमाराचा. निकुंभ घराण्यातल्या इंद्रराजाने काम काढलं, मुलगा गोवन याच्या वेळी ते तडीस गेलं. हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, देवगिरीला महादेव आणि रामचंद्र यादवांच्या पदरी, म्हणजे १२६० नंतरचा. शंभर वर्षं आधीच्या देवळाला त्याचं नाव! निकुंभ मात्र चाळीसगावातही कुणाला ठाऊक नाहीत. शब्दच टाकून द्या.

तापीमाय
नाना, हे बांधणाऱ्याचं नाव नाही, बांधायच्या रीतीचं आहे. चुना नाही. एका दगडाला कुसू, दुसऱ्याला खाच, आणि वरचं वजन खालच्याला दाबून धरतं. माझी आजी म्हणायची, "हेमाडपंतनी एक रातमा बांधेल शे." एका रात्रीचं तिलाही खरं वाटत नव्हतं, पण चुन्याविना रचलेलं देऊळ ती लांबून ओळखायची.

दगडू
अंबरनाथ शक ९८२ चं. त्यालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात. गाडी कधीच सुटली.

गिरणाकाठ
रीत म्हणता, मग सिन्नरचं गोंदेश्वर आणि कुठलंही बिनशिखराचं साधं देऊळ एकाच पोत्यात? गोंदेश्वराचं शिखर बघा: चारी बाजूंना मधोमध वर चढत गेलेला उभा पट्टा, आणि पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या ओळीवर ओळी. याला भूमिज म्हणतात. हेमाडपंती म्हणून यातलं काय कळतं?

तापीमाय
आमच्या गावात भूमिज म्हणा, लोक सातबारा काढून आणतील.

जुनी_पोथी
दोघांनीही त्याच पाटण्याचा दुसरा लेख सोडला. शक ११२८, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा. आजोबांचे ग्रंथ शिकवायला काढलेला मठ. वर संस्कृत श्लोक, पण बाजारातल्या मालावरचं उत्पन्न मठाला दिल्याचं कलम आलं की भाषा मराठी होते: "इयां पाटणीं जें केणें उघटे..." केणें म्हणजे विकायचा माल. व्यवहार लोकांच्या शब्दांत, तेव्हाही. मी तापीमायच्या बाजूने.

तापीमाय
बघा! पोरांना निकुंभ सांगा की. शब्दाला का झोडता?

गिरणाकाठ
सांगितले. एका पोराने विचारलं, "मग हेमाडपंताने स्वतः कोणतं बांधलं?" तिथे माझी दांडी उडाली.