मदत हवी आहे: ज्येष्ठ वादकांसोबत ब्लूग्रास अल्बम, एकाच खोलीत की वेगवेगळ्या बूथमध्ये?

नमस्कार मंडळी,

मी नॉर्थ कॅरोलायनात रालेजवळ राहतो आणि हौसेने ब्लूग्रासमध्ये (अमेरिकेतलं तारवाद्यांचं ग्रामीण संगीत) मॅन्डोलिन वाजवतो. इथल्या जॅममध्ये ओळख झालेले दोन बुजुर्ग वादक, बँजोवाले (वय ८१) आणि फिडलवाले (फिडल म्हणजे व्हायोलिन; वय ७८), यांच्यासोबत दहा-बारा गाण्यांचा अल्बम करायचं घाटतंय. गिटार आणि गाणं एका मित्राचं, उभा बेस त्याच्या बायकोचा. स्टुडिओ ठरलाय, पैसे आम्ही तिघं घालतोय.

घोडं अडलंय ते ध्वनिमुद्रकापाशी. पोरगा कामात चोख आहे, पण त्याला प्रत्येक जण वेगळ्या बूथमध्ये, हेडफोन लावून, क्लिकवर (कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमच्या ठोक्यावर) वाजवताना हवाय. दोन्ही आजोबांनी हेडफोनला साफ नकार दिलाय. बँजोवाले म्हणतात, गिटारवाल्याचा हात दिसला नाही तर मी वाजवू कशाच्या जोरावर?

मला त्यांचं पटतं. ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो. बेस मात्रेवर, मॅन्डोलिनचा चॉप (तुटक ठोका) दोन मात्रांच्या मधे, आणि ब्रेक घेणारा (एकट्याने सूर वाजवणारा) किंचित पुढे सरकला की सगळेच सरकतात. ब्लूग्रासचे जनक बिल मन्रो यांच्या बँडची १९४६-४७ ची ध्वनिमुद्रणं, ज्यांत अर्ल स्क्रग्जचा तीन बोटांचा बँजो आहे, एका दमात झालेली आहेत. तेव्हा दुसरा उपायच नव्हता म्हणाल, तर १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या तरुण पोरांनी (निटी ग्रिटी डर्ट बँड) नॅशव्हिलच्या वुडलँड स्टुडिओत जुन्या पिढीचे मेबेल कार्टर, डॉक वॉटसन, रॉय एकफ आणि स्क्रग्ज यांना घेऊन रेकॉर्डिंग केलं. मल्टिट्रॅक (प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर) सर्रास होतं, तरी तेही थेट दोन ट्रॅकवर. (मन्रोंनाही विचारलं होतं, त्यांनी नाही म्हटलं. त्यांच्या स्वभावाला धरूनच.)

पण आमच्या ध्वनिमुद्रक पोराचा एक मुद्दा खोडता येत नाही. बँजो सगळ्यांच्या माईकमध्ये शिरणार, मग एकाचा सूर हुकला की अख्खा टेक बाद. ८१ वर्षांच्या बोटांकडून एकच गाणं किती वेळा वाजवून घ्यायचं?

मधोमध एकच कंडेन्सर माईक ठेवून ब्रेकला पुढे यायची पद्धत दोघांच्या अंगवळणी आहे, पण फिडलवाल्यांचा गुडघा दुखतो. मग माईक कसे लावावेत? शिवाय काही गाणी बी (B) या पट्टीत आहेत. बँजोला चौथ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लागला की पुन्हा जुळवाजुळव, त्यात वेळ जातो. आणि चार गाणी मन्रोंची आहेत, त्यांचा परवाना कसा काढतात? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

एकाच खोलीत करा, पण गोल करून बसा. फिडलला रिबन माईक लावा. तो पुढून-मागून ऐकतो, बाजूने जवळजवळ बहिरा असतो. ती बाजू बँजोकडे वळवा. मित्र गिटार वाजवत गाणार असेल तर त्याच्या आवाजालाही हीच युक्ती. जुना रिबन असेल तर फँटम पॉवर (केबलमधून माईकला जाणारी वीज) बंद आहे ना, ते आधी बघा.

क्लिकवरून भांडू नका. गाण्याआधी मेट्रोनोम थोडा वेळ ऐकवा आणि बंद करा. लय जवळपास सारखी राहिली की एका टेकचा पहिला अर्धा आणि दुसऱ्याचा उरलेला जोडता येतो. एका पट्टीतली गाणी सलग घ्या, म्हणजे कॅपोची कटकट वाचेल. बँजोची अवघड गाणी सकाळी उरका.

मन्रो १९९६ मध्ये गेले, त्यांच्या गाण्यांवर हक्क अजून आहेत. एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं पुन्हा गायला अमेरिकेत सक्तीचा मेकॅनिकल परवाना (हक्कधारकाला नाकारता न येणारा, गाणं मुद्रित करून वितरित करण्याचा) मिळतो. सीडी आणि डाउनलोडसाठी तो तुम्हीच काढायचा. २०२५ चा दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला प्रतीमागे १२.७ सेंट होता. पारंपरिक फिडल ट्यून्सना हे लागत नाही, पण ट्यून खरोखर पारंपरिक आहे ना, याची खातरजमा करा. आणि आजोबांच्या मानधनाचं आधी लिहून घ्या, मैत्री असली तरी.

धागाकर्ता

फार आभार! रिबनचं पोराला सांगितलं, तो तयार झालाय, पण बेसला तरी बूथ हवाच म्हणतो. उभा बेस खोलीतच ठेवून कोणी मुद्रण केलंय का? माईक कुठे लावला होता?