आधी वरचं पाणी वळवा
ओढ्याकाठी सिल्ट फेन्स (गाळ अडवायला खुंट्यांवर ताणलेलं कापड) लावली की खाणीतून वाहून येणारा गाळ थांबेल, असं काही जण म्हणतात. पटत नाही. ते कापड उतारावरून पसरून येणाऱ्या पाण्यासाठी असतं. घळीतून लोंढा आला की बुडातून उखडतं. आधी वरच्या अंगाचं स्वच्छ पाणी चर खणून खाणीच्या बाहेरूनच काढा, म्हणजे सांभाळायचं गढूळ पाणी कमी होतं.

निवळण-तळं हवंच, पण चिकणमाती असेल तर त्याच्यावर फार विसंबू नका. ०.१ मिमीचा वाळूचा कण मीटरभर खाली जायला दोनेक मिनिटं घेतो, २ मायक्रॉनचा (०.००२ मिमी) चिकणमातीचा कण अगदी स्थिर पाण्यातही सुमारे ३ दिवस! तिथे फ्लॉक्युलंट (बारीक कणांचे गोळे करून ते खाली बसवणारं रसायन) लागतं. मात्रा आधी बरणीत तपासून ठरवा. त्यातला कॅटायनिक (धन विद्युतभाराचा) प्रकार तर माशांच्या कल्ल्यांना घातक. आणि तळ्यातला गाळ पावसाआधी उपसा (हे हमखास राहून जातं).