मदत हवी आहे: एचबीआर–सीओटू जोडीत सुरुवातीचा कोन कसा निवडायचा?

नमस्कार मंडळी. मी अमळनेरची, एमएस्सी भौतिक रसायनशास्त्र, शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्ट सैल बांधलेल्या रेणूंच्या जोड्यांमधल्या, प्रकाशाने सुरू होणाऱ्या अभिक्रियांवर. लेसर आमच्याकडे नाही, म्हणून नुसतं गणित, तेही जुन्या लॅपटॉपवर. या उन्हात तो तापून बंद पडतो. खाली दोन वाट्या पालथ्या घालून चालवतेय. आजी स्क्रीनवरचे ठिपके बघून विचारते, "हाई काय शे?"

वायूच्या थंड झोतात एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड) चिकटून बसतात. १९३ नॅनोमीटरचा अतिनील लेसर मारला की एचबीआर तुटतं, हायड्रोजन शेजारच्या सीओटूवर आदळतो आणि ओएच (हायड्रॉक्सिल) व सीओ (कार्बन मोनॉक्साइड) सुटतात. टक्कर कधी सुरू झाली ते नेमकं कळतं, म्हणून तर रसायनशास्त्रज्ञ अहमद झेवैल यांच्या गटाने १९८७ मध्ये एचआय (हायड्रोजन आयोडाइड)–सीओटू घेऊन ओएचच्या जन्माचा वेळ पिकोसेकंदांत (सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) मोजला.

घोडं अडलंय ते कोनापाशी, म्हणजे सुरुवातीला हायड्रोजन सीओटूकडे कसा रोखलेला धरायचा तिथे. एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड)–सीओटू सरळ रेषेत बसतं. एचबीआरमध्ये मात्र ब्रोमीन कार्बनच्या बाजूला, आणि हायड्रोजन सतत डुलणारा. मी एकच कोन धरला तर जवळजवळ सगळे हायड्रोजन सीओटूला न धडकता निसटून जातात. मग विग्नर सॅम्पलिंग (क्वांटम संभाव्यतेनुसार सुरुवातीच्या अनेक स्थिती आणि वेग निवडणं) घ्यावं, की एवढ्या मोठ्या डुलण्याला ते चालतच नाही? आणि ब्रोमीनला नुसता बघ्या (अभिक्रियेत भाग न घेणारा) धरायचा का? सर म्हणतात धर. मला पटत नाही, तो तर अगदी खेटून असतो.

तयार कोड नको, कुठून सुरुवात करू तेवढं सांगा.