जुन्या पोलिसी मालिकांचे बॉक्स सेट: घ्यावेत की नाही?

रिळवेडा
माझं मत सरळ आहे. मालिका आवडती असेल तर तिचा डीव्हीडी सेट मिळतोय तोवर घेऊन टाका. 'होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट' 1999 मध्ये संपली; स्ट्रीमिंगवर यायला 2024 उजाडलं. घोडं अडलं होतं भागांत वाजणाऱ्या गाण्यांच्या हक्कांपाशी. तोवर डिस्कवाले निवांत बघत होते. 'द वायर'ची तऱ्हा वेगळी. 4:3 या जुन्या टीव्हीच्या चौकटीसाठी बेतलेली मालिका 2014 मध्ये एचडी करताना 16:9 इतकी रुंद केली. मूळ चौकट हवी असेल तर जुन्या डीव्हीडीच शोधा.

कपाटभर
साफ असहमत. खुनी कोण हे कळल्यावर परत कोण बघतं? माझ्याकडचे तीन सेट अजून वेष्टनातच आहेत. आणि हक्क मिळाले नाहीत म्हणून गाणं बदललं, तर खून बदलतो का?

उलटतपासणी
कपाटभर, मग 'कोलंबो'चं काय करायचं? तिथे खुनी सुरुवातीलाच दाखवून टाकतात. (1971 च्या पहिल्या सीझनचा पहिला भाग स्पीलबर्गचा आहे, वय वर्षं 24!) डिटेक्टिव्ह कोलंबो झालेला पीटर फॉक निघता निघता दारातून मागे वळतो आणि समोरच्याचा चेहरा पडतो, त्यासाठी मी ते भाग कितीदा लावले असतील याचा हिशोब नाही.

पण रिळवेडा, 'मूळ' म्हणताना एक गोष्ट तुम्ही सोयीस्कर गाळलीत. फिल्मवर चित्रित झालेल्या मालिकेची डीव्हीडी पाल पद्धतीची (भारत-युरोपातल्या जुन्या टीव्हीची पद्धत) असेल तर सेकंदाला 24 फ्रेमची फिल्म बहुतेक वेळा 25 च्या वेगाने धावते. भाग चारेक टक्के लवकर आटोपतो, आवाजही किंचित चढा लागतो. डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणारा रीजन कोड जुळला नाही तर तेवढंही नशिबात नाही.

रिळवेडा
पालचा मुद्दा मान्य. आणखी एक कबुली देतो: दोन्ही बाजूंनी भरलेल्या डिस्क शक्यतो टाळा. छापील बाजू नसते, त्यामुळे धरायच्या कुठे हाच प्रश्न, आणि ओरखडे दोन्हीकडे. माझ्या एका सेटमधली अशी डिस्क शेवटच्या दहा मिनिटांवर अडकते. पुसली, प्लेअर बदलून पाहिला, ढिम्म.

कपाटभर
म्हणजे खुनी कोण ते तुम्हाला अजून कळलेलंच नाही!

रिळवेडा
नाही. तोच सेट पुन्हा मागवलाय. कृपया कोणी सांगू नका.