सायलेन्सरचा चटका: खपली सुकू द्यावी की ओलसर ठेवावी?

पोटरीवाली
मदत हवी आहे. बाईकवरून उतरताना उजव्या पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला. फोड आला, फुटला, दवाखान्यात ड्रेसिंग झालं, धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलं. आता महिना होत आलाय. बरीचशी जखम भरून आली आहे. तिथे गुलाबी नवी कातडी आणि भोवती काळपट कडं. पण खालच्या बाजूचा नखाएवढा कोपरा काही मिटत नाही. खपली धरते, सलवारला घासून निघते, खाली पुन्हा ओलं. आणि खाज! झोपेत हात जातोच.

घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई म्हणतात, हळद दाबून भर आणि उघडी ठेव, वारा लागला की वाळेल. नणंदेचं म्हणणं, कोरफड लाव. शेजारच्या काकूंनी काळ्या कड्यावर लिंबू चोळायला सांगितलंय, तेवढं अजून केलेलं नाही. औषधाच्या दुकानात डागासाठी सिलिकॉन जेल दाखवलं, किंमत बघून परत ठेवलं.

वय 38, शुगर नाही. डॉक्टरांकडे शनिवारी जाणारच आहे, तेव्हा कृपया 'डॉक्टरांना दाखवा' एवढंच लिहू नका. घरच्या घरी काय करावं आणि काय करू नये?

रानजाई
कैलास जीवन. आमच्याकडे कापलं, भाजलं, खरचटलं, सगळ्याला तेच.

बोळा_आणि_चिमटा
रानजाई, मिटलेल्या कातडीवर लावा हवं तर. ओल्या कोपऱ्यावर नको.

सर्जिकल वॉर्डात नर्स होते, त्या अनुभवावरून लिहिते. 'वारा लागू दे' हे आपल्याकडे घरोघरी सांगतात, पण जखमेला ते मानवत नाही. कडेच्या पेशी ओल्या पृष्ठभागावरून सरकत मध्ये येतात, तेव्हा जखम मिटते. वर कडक खपली बसली की त्यांना तिच्याखालून वाट काढावी लागते. जॉर्ज विंटर यांनी 1962 साली डुकरांवर हे तपासलं होतं: झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने आली.

तुम्ही असं करा. हात धुवा. उकळून गार केलेल्या पाण्याने कोपरा धुवा, कडेने हलकेच टिपा. खपली आपणहून सुटली तर सुटू द्या, नखाने उचकटू नका. वर साधी पेट्रोलियम जेली पातळ लावा. बोट डब्यात घालू नका, ट्यूब घ्या. मग न चिकटणारं जाळीचं गॉज, त्यावर घडी आणि कागदी चिकटपट्टी. रोज बदला. सलवारचं घासणंही याने थांबेल. डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका. त्याने नव्या पेशीही मरतात. आणि कोलगेट लावा म्हणणारा कुणी भेटलाच तर दुर्लक्ष करा.

कोरफड मिटलेल्या भागावर चालेल, खाजेला गार वाटतं. पण पान कापल्यावर थोडा वेळ उभं ठेवून पिवळा चीक पूर्ण निथळू द्या. तो चीकच कातडीला झोंबतो. मगच आतला पांढरा गर घ्या. आधी मनगटावर लावून बघा.

लिंबू अजिबात नको. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की ती भाजल्यासारखी होते आणि आहे त्याहून काळी पडते.

हळकुंड
सासूबाईंच्या बाजूने थोडं. जखमेवरच्या हळदीचं पेटंट अमेरिकेत 1995 मध्ये दिलं गेलं होतं. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर आणि सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून ते 1997 मध्ये रद्द करवलं.

बोळा_आणि_चिमटा
खरंय, पण ते रद्द झालं हा उपाय आपल्याकडे पूर्वापार चालत आलाय म्हणून. डब्यातली हळद उघड्या जखमेवर भरावी, असा त्याचा अर्थ होत नाही. ती निर्जंतुक नसते, भेसळीची असू शकते, आणि ओल्या जागी तिचा लगदा होऊन गॉजला चिकटतो. रोज तो खरवडताना नवी कातडीही निघते. भाजीत, दुधात घाला की! आणि डाळ, अंडी, मासे, आवळा, पेरू असं खाणं वाढवा. कातडी बांधायला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व लागतंच.

पोटरीवाली
आभार. काळ्या कड्याचं काय? आणि ते सिलिकॉन?

बोळा_आणि_चिमटा
आपल्या सावळ्या कातडीवर कडं राहतंच, ते ओसरायला कित्येक महिने जातात. डाग वर्षभर तरी बदलत असतो, लगेच निराश होऊ नका. ऊन टाळणं हाच मोठा उपाय: मिटलेल्या भागावर एसपीएफ 30 किंवा वरचं सनस्क्रीन, उघड्या कोपऱ्यावर नुसतं कापड. मिटलेल्या भागावर रोज दोन-तीनदा खोबरेल लावून हलक्या हाताने मालिश केलीत तर खाज आणि ताण कमी होईल. ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल फोडून लावू नका, काहींना पुरळ उठतं.

सिलिकॉनला पैसे घालायची घाई नको. डाग सपाट राहिला तर गरजच नाही. वर उचलला गेला तर उपयोगी, तेही जखम पूर्ण मिटल्यावर. सिलिकॉनची पट्टी घेतलीत तर दिवसाचे 12 तास तरी, असे दोन-तीन महिने. डाग मूळ जखमेच्या कडा ओलांडून पसरू लागला तर तो केलॉइड, तिथे घरचे उपाय थांबवायचे.

भाजलेली जागा तीन आठवड्यांनंतरही उघडी असेल तर डाग जाड होण्याचा संभव वाढतो, म्हणून शनिवार चुकवू नका. शुगर नाही म्हणता, तरी एकदा तपासून घ्या. त्याआधी लाली पसरली, पू किंवा वास आला, ताप आला किंवा जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आलं, तर शनिवारपर्यंतही थांबू नका.

पोटरीवाली
अवधाण नाही, ताप नाही. जेली, गॉज, चिकटपट्टी आजच आणते. शनिवारी काय सांगतात ते इथेच लिहीन.