गच्चीच्या शीटवर ‘आर १०’ लिहिलंय, म्हणजे नक्की किती?

अकोलेकर: घराचं काम चालू आहे. जुन्या घरात मे महिन्यात रात्री बारालासुद्धा स्लॅबखाली झोपवत नाही, म्हणून इथे कोब्याखाली ५० मिमीची एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारी कडक फोमची) टाकतोय. दुकानदाराने लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपला टाकला, ‘आर व्हॅल्यू १०’, म्हणजे उष्णता अडवायची ताकद. मी एक भागिले दहा केलं, यू (उष्णता किती आत शिरते तो आकडा, कमी तितका बरा) आला ०.१. इको निवास संहितेत (घरांसाठीच्या ऊर्जा बचतीच्या सरकारी नियमांत) छताला १.२ पर्यंत चालतो, म्हणजे आपण बारा पट पुढे! मेहुणा म्हणतो, इतकं भारी या भावात मिळत नसतं. खरं कोणाचं?

हॉटप्लेट: मेहुण्याचं. मी लॅबमध्ये असेच तुकडे तापवतो. हा १० अमेरिकन मापातला आहे, संहितेतला यू मेट्रिक मापात; आधी १० ला ५.६७८ ने भागा, आर १.७६ येईल. स्लॅब वगैरे धरून यू ०.५ च्या आसपास. नुसत्या स्लॅबचा तीनच्या वर जातो, त्यामुळे ०.५ लाही नावं ठेवू नका.

मला काळजी वेगळीच आहे. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘निकाल फक्त तपासलेल्या नमुन्यापुरता’. बहुतेक वेळा नमुना आम्ही गोदामातून उचलत नाही, कंपनीचा माणूस आणून देतो. तो ढिगातली बरी शीटच आणणार, मीही तेच केलं असतं. त्यात शीट कधी बनली तेही बघा. ताज्या शीटमधला फुगवणारा वायू हळूहळू निघून जातो आणि आकडा उतरतो. एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा) यूएलआर नंबर, म्हणजे प्रत्येक रिपोर्टचा वेगळा क्रमांक, आहे का? घनता किती लिहिलीय?

अकोलेकर: यूएलआर आहे. घनता ३४ किलो प्रति घनमीटर. बनल्याची तारीख कुठेच नाही.

साइटवरचा_पाटील: एक शीट काट्यावर ठेवा की राव. १२५० बाय ६०० ची असेल तर ३४ घनतेला पावणेतेराशे ग्रॅम भरायला हवी.

अकोलेकर: शेजारच्या किराणा दुकानात तोलली. माप तेच, वजन १ किलो ९० ग्रॅम. शेठ विचारत होता, थर्माकोल किलोवर कधीपासून घेता?

हॉटप्लेट: म्हणजे घनता २९. उष्णतेच्या आकड्यात फार फरक पडणार नाही, पण दाब सोसायची ताकद कमी. त्यावर पाण्याची टाकी येणार असेल तर नको. आणि लॅबमध्ये गेलेला माल हा नव्हे, एवढं नक्की.

अकोलेकर: टाकी तिथेच येणार आहे. दुकानदाराला काट्याचा फोटो पाठवलाय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.